कोचीची रंगीत तालीम

आमच्या घरमालकांना कोची शहर तोंडपाठ होतं. त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं, एवढंच.

मी रोह्याच्या शाळेत लागले तेव्हा पुलाअलीकडे, अष्टमीत, त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मजला म्हणजे एक खोली, एक मोरी आणि जिन्याच्या भिंतीवर चिकटवलेल्या नऊ सूचना. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "सकाळी किती वाजता उठता?"

"सहाच्या सुमारास."

"सुमारास म्हणजे?"

"म्हणजे... सहा, सव्वासहा."

"पंधरा मिनिटांचा फरक," ते हळहळून म्हणाले. मला एखादा आजार निघावा तसा त्यांचा चेहरा झाला. "बाई, तुम्ही पोरांना शिकवता. अंदाजाने जगू नका. जो वेळ पाळतो त्याच्यावर वेळ येत नाय."

धाटावच्या एका कंपनीत त्यांनी चौतीस वर्षं प्लॅनिंगमध्ये काढली होती. कुठल्या शिफ्टला काय चढायचं, काय उतरायचं, कुठला ट्रक कधी फाटकाबाहेर पडायचा हे ते ठरवायचे. कंपनीने त्यांना निवृत्त केलं. त्यांनी प्लॅनिंगला काही निवृत्त केलं नाही. फक्त चारशे कामगार हाताखालून गेले आणि त्यांच्या जागी एकट्या काकू आल्या. काकू सकाळी चहा किती वाजता ठेवतात, भात किती शिट्ट्यांनी उतरतो, भाजीवाली दारात किती वेळ उभी राहते, सगळ्याचा तक्ता होता. काकू तो तक्ता पाहायच्या, मान डोलवायच्या आणि त्यांना हवं तेव्हा चहा ठेवायच्या.

तर अशा माणसाने कुटुंबाला घेऊन तीन दिवस कोचीला जायचं ठरवलं होतं. मी राहायला आले तेव्हा त्या ठरवण्याला दोन वर्षं झाली होती. पुढची चार वर्षं मी स्वतः पाहिली.

कोचीच का, असं मी एकदा विचारलं. त्यावर पाऊण तासाचं व्याख्यान मिळालं. जुनं बंदर, पोर्तुगीज आले, डच आले, इंग्रज आले, आता आपलं नौदल आहे. "आणि सगळे वेळेवर आले बाई. वाऱ्याच्या वेळा बघून." घरामागून रोज कोचीकडे जाणाऱ्या गाड्या धडधडत जायच्या. बहुतेक रोह्याला न थांबता. काका घड्याळ हातात धरून मागच्या पडवीत उभे राहायचे आणि त्या किती उशिरा गेल्या ते वहीत लिहायचे. रेल्वेने ही वही कधी मागितली नाही, हे रेल्वेचं दुर्दैव.

देव्हाऱ्याशेजारी कोचीचा नकाशा टांगलेला होता. उदबत्ती ओवाळताना काका ती नकाशावरूनही फिरवायचे की काय अशी मला शंका होती, पण मी कधी पकडू शकले नाही. फोर्ट कोचीतल्या एका हॉटेलला ते दर दोन महिन्यांनी फोन करायचे. खोलीच्या खिडकीतून बंदर दिसतं का, गरम पाणी किती ते किती, बोटीच्या धक्क्यापर्यंत चालायला किती पावलं. हो, पावलंच. तिकडचा मॅनेजर शेवटी विचारायचा, "सर, कधी येताय?" काका म्हणायचे, "डेट इज अंडर कन्सिडरेशन." त्या काळात तिथला मॅनेजर दोनदा बदलला. नव्या मॅनेजरकडे काका जुन्याच्या तब्येतीची चौकशी करायचे.

दर रविवारी सकाळी दहाला मीटिंग व्हायची. काका अध्यक्ष. काकू सभासद. पेणला दिलेली लेक फोनवर, स्पीकर लावून. जावयाचा पेणमध्ये गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. तो मातीचे हात घेऊन फोनपासून लांब उभा असायचा आणि मधून "हूं" म्हणायचा. मला जायचंच नव्हतं, म्हणून मला चिटणीस केलं होतं. इतिवृत्त लिहायला तटस्थ माणूस लागतो म्हणे.

या मीटिंगांचं फलित असं. पहिल्या वर्षी पावसाळा आला, कारण तो येतो हे प्लॅनमध्ये धरलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी जावयाच्या मूर्ती रंगायच्या होत्या. तिसऱ्या वर्षी काकांच्या गावच्या शेतात वाल काढणीला आले. चौथ्या वर्षी काकांचा गुडघा दुखला. पाचव्या वर्षी तिथल्या नौदलाच्या म्युझियमला आठवड्याची सुट्टी नेमकी कोणत्या वारी हे दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेलं सापडलं, आणि परस्परविरोधी माहितीवर कुटुंबाला बाहेर काढणं काकांना मंजूर नव्हतं.

म्हणून त्यांनी थेट नौदलालाच पत्र लिहायला घेतलं. मसुदा मला दाखवला. त्यात म्युझियमच्या वेळेखाली दुसरा प्रश्न होता: सदर तारखेस बंदरात किती युद्धनौका उभ्या असतील व कोणत्या बाजूस, म्हणजे कुटुंबाचा फोटो त्यानुसार घेता येईल.

"काका," मी म्हटलं, "हे पत्र पाठवलंत तर ते तुम्हाला सरकारी गाडीने घेऊन जातील."

काकांनी क्षणभर विचार केला. "कोचीलाच ना?"

पत्र मी माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि पोस्टात टाकलं म्हणून सांगितलं. देशासाठी मी केलेलं एवढं एकच काम.

प्लॅन अकरा पानी होता. पहिला दिवस, चिनी पद्धतीची मासेमारीची जाळी: निरीक्षण पंचवीस मिनिटं. सूर्यास्त: दहा मिनिटं. जुनी वखारपेठ: पन्नास मिनिटं, पैकी खरेदी शून्य. आणि दुसऱ्या दिवशी, जेवण आणि विश्रांती यांच्या मध्ये, बारीक अक्षरात: 'सौ.च्या धाकट्या भावाकडे सदिच्छा भेट, चाळीस मिनिटं (चहासह)'.

काकूंचा भाऊ कोचीला असतो हे मला असं कळलं. चार वर्षांत त्या घरात त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. जिन्यातल्या नऊ सूचनांनंतरची ही दहावी, भिंतीवर न चिकटवलेली सूचना असावी.

गोष्ट काकूंनी सांगितली. माघ संपत आला होता. आम्ही दोघी गच्चीवर वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. काका खाली पडवीत गाडीची वाट पाहत होते. मी सहज म्हटलं, "काकू, तुमचा भाऊ तिकडे आहे तर खोली कशाला घ्यायची? त्यांच्याकडेच उतरा की."

काकूंचे हात थांबले.

"तुला नाय ठाव व्हय गो," त्या म्हणाल्या. "हे सांगणारच नायत म्हणा."

काकू पेणच्या खाडीकाठच्या. घरचं मिठागर. वडील लवकर गेले, आईने दोन पोरांना मीठ ओढून वाढवलं. धाकटा भाऊ शाळेत हुशार, नौदलात भरती झाला, कोचीला पोस्टिंग मिळालं, तिथल्याच एका ख्रिश्चन मुलीशी लग्न करून तिथलाच झाला. आईने फोटो पाहिला आणि म्हणाली, डोळं चांगलं हायत पोरीचं. विषय संपला. मग आई गेली. भाऊ बायकोला घेऊन तेराव्याला आला. ती पहिल्यांदाच येत होती, कडेवर चार महिन्यांचं मूल.

"घरात पुरुषमाणूस ना कुणी. एकटे हेच जावई. सगळा कारभार ह्यांच्याकडं. कागदावर लिहिलं होतं, कोण कुठं बसणार, किती पंगती, कोण वाढणार." काकूंनी एक शेंग उचलली आणि तशीच धरून ठेवली. "ती पोर घरात बायकांच्या पंगतीत येऊन बसली. हे गेले नि सगळ्यांसमोर बोलले, तुमचं पान बाहेर मांडवात काढलंय, तुम्ही तिकडं बसा. ओरडले नाय. साधं बोलले. जसं ट्रकवाल्याला सांगतात, तुझा नंबर मागं हाय."

"मग?"

"तिला काय कळलं नाय. उठली बिचारी, गेली. माझा भाऊ पुरुषांच्या पंगतीत होता. त्याने स्वतःचं पान उचललं, बाहेर गेला, तिच्या बाजूला मातीत बसला. सगळं जेवला, पानात काय टाकलं नाय. हात धुतले. माझ्या पाया पडला, नि संध्याकाळच्या एसटीने गेला. बावीस वर्षं झाली. फोन करतो मला. येत नाय. ये म्हटलं तर म्हणतो, ताई, दाजींनी जागा दाखवली ना मला."

खालून गाडी धडधडत गेली. काकांचा आवाज आला, "एकोणीस मिनिटं लेट!"

"ह्यांना तेव्हाच कळलं होतं," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी हे स्वतः जेवले नाय. पण बोलणार कोण? निवृत्त झाले तसं हे कोचीचं काढलं. मला वाटलं, चला, सुचलं. आता सहा वर्षं झाली गो. ह्यांना जायचंय पण, नि जायचं नाय पण."

मी चार वर्षं ज्या माणसाची टिंगल करत होते त्याच्या अकरा पानांकडे त्या दिवसापासून मला नीट हसता येईना. टिंगल काही थांबवली नाही, सवय वाईट. पण चाळीस मिनिटांची ती ओळ डोळ्यांपुढून हलेना.

त्यानंतरच्याच रविवारी काकांनी जाहीर केलं की प्रत्यक्ष प्रवासाआधी एक रंगीत तालीम घेणं आवश्यक आहे. संपूर्ण सामानासह. रोहा ते पेण मेमू लोकलने, पेणला लेकीकडे जेवण, एसटीने परत. यात सामानाचं वजन, चढण्या-उतरण्याचा वेळ आणि काकूंचा चालण्याचा वेग तपासला जाणार होता.

"संपूर्ण सामान म्हणजे?" फोनवरून लेकीने विचारलं.

"संपूर्ण म्हणजे संपूर्ण. कपडे, औषधं, टॉवेल, ओळखपत्रं. रिकाम्या बॅगांची तालीम म्हणजे तालीम नव्हे, फसवणूक."

"बरं बाबा," लेक म्हणाली. एरवी ती वाद घालायची. त्या दिवशी तिने घातला नाही, आणि जावयाने "हूं"सुद्धा म्हटलं नाही. चिटणीस म्हणून मी हे टिपायला हवं होतं. नाही टिपलं.

तालमीच्या शनिवारी सकाळी आम्ही तिघं रोहा स्टेशनावर उभे होतो. काकांनी शर्टाला पेन लावलं होतं, गळ्यात शिट्टी होती. शिट्टी कशाला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. पाच बॅगा. मला वही आणि घड्याळ दिलेलं. गाडी लागली, काकांनी शिट्टी वाजवली, गाडीच्या गार्डने डोकं बाहेर काढून पाहिलं. आम्ही चढलो. "एक मिनिट दहा सेकंद," मी सांगितलं. काका प्रसन्न झाले. "हिने पहिल्या बॅगेत वेळ घालवला. नोंदवा."

निडी स्टेशन गेलं. प्लॅनप्रमाणे निडी ते नागोठणे चहा होता. थर्मासमधून काकांनी मापून चहा ओतला. समोरच्या बाकावर भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाईने विचारलं, "कुठं निघालात ओ एवढं सामान घेऊन?"

"पेणला," काका म्हणाले.

बाईने पाच बॅगांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "राहायला?"

"नाही. दुपारी परत."

बाईने काकूंकडे अशा नजरेने पाहिलं की, बाय माझे, तुझी कमाल आहे. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांनी नवी साडी नेसली होती, हिरवी, काठाची. तालमीला. मी तेही टिपलं नाही.

पेण आलं. काका दोन मिनिटं आधीच दाराशी दोन बॅगा घेऊन उभे. गाडी थांबली, मी खाली उतरले, घड्याळ सुरू केलं. आणि उतरायच्या ऐवजी माणसं चढू लागली. लेक चढली, पाठीवर सॅक. मागून जावई, त्याच्या हातात मोठी बॅग. जावयाचे हात स्वच्छ होते. इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते.

"अरे, उतरायचंय!" काका ओरडले. "तुम्ही वर कशाला येता? प्लॅनमध्ये तुम्ही बाहेर रिक्षापाशी!"

काकू जागेवरून हलल्या नव्हत्या. "उतरायचं नाय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"पनवेलला जायचं. तिथून दुपारची गाडी. कोचीला."

"आज? आज कसं? आज तालीम आहे!"

"झाली ना तालीम. चांगली झाली."

"तिकीट पेणपर्यंतच आहे!"

लेकीने चार तिकिटं वर केली. "पेण ते पनवेल, बाबा. पुढची रिझर्वेशनं फोनमध्ये आहेत. तालीम ठरली त्याच दिवशी काढली."

"सोमवारी म्युझियम बंद असलं तर?"

"मला म्युझियम बघायचं नाय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला माझा भाऊ बघायचाय. साठ वर्षांचा झाला तो. तुम्हाला उतरायचं तर उतरा. बॅगा राहू द्या."

काका दारात उभे होते, एक पाय पायरीवर. मी खाली, हातात त्यांची वही. आमच्यात हातभर अंतर. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मला तिथे प्लॅनिंगवाला दिसला नाही. एक म्हातारा माणूस दिसला, घाबरलेला. शाळेत प्रगतिपुस्तकावर सही आणायला सांगितलेल्या पोराचं तोंड होतं तसं.

गाडीने हिसका दिला. काकांनी पाय वर घेतला.

गाडी हलली तेव्हा ते दाराचा दांडा धरून वाकले आणि मला ओरडून म्हणाले, "वेळ लिहा! वेळ लिहा बाई!"

मी लिहिली. भाजीवाली बाई खिडकीतून हात हलवत होती, मला की सगळ्या जगाला, कोण जाणे.

मी एसटीने रोह्याला परत आले. पुढचे दिवस मी पाण्याची मोटर लावली, तुळशीला पाणी घातलं, आणि एकदा, कुणी पाहत नाही ना ते बघून, पडवीत उभी राहून गाडी किती उशिरा गेली तेही पाहिलं. मोहिमेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शांतता होती. जो माणूस रोज तिथे कोचीचं तापमान टाकायचा त्याने कोचीतून एक शब्द टाकला नाही. पाचव्या दिवशी ते परतायचे होते. आले नाहीत. सहाव्या दिवशी आले नाहीत. माझ्या मनात नाही नाही ते आलं. आठव्या दिवशी सकाळी रिक्षा थांबली.

काकू त्याच दुपारी ओट्यावर बसून बोलल्या. मी शाळेतून आले ती चपलाही न काढता ऐकत राहिले.

गाडीत काकांनी पहिले चार तास तोंड उघडलं नाही. रत्नागिरीनंतर जावयाला विचारलं, उतरल्यावर रिक्षा कोणत्या बाजूला. मग झोपले. कोचीला स्टेशनावर भाचा न्यायला आला होता, तेराव्याला आईच्या कडेवर होता तो. चांगला उंच. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बॅगेचा पट्टा बांधायला खाली वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

भाऊ दारात उभा होता. लुंगी, पांढरे केस. बहिणीला मिठी मारली, दोघं रडली. मग काकांकडे वळला. "या दाजी. गाडी वेळेवर होती?"

"बावीस मिनिटं लेट," काका म्हणाले.

"मला वाटलं आता बोलतील," काकू मला म्हणाल्या. "बावीस म्हणाले नि थांबले. तो पण थांबला. नि मग आत गेलो."

जेवायला बोलावलं. टेबल होतं. सगळे बसले, काका उभेच. भावाची बायको वाढत होती, तिला मराठी येत नाही, ती हाताने बसा बसा म्हणाली. काका उभे. पुन्हा म्हणाली. काका मान हलवून उभे. तिला वाटलं, गुडघे धरले असतील, एवढा प्रवास झाला. ती आतून उंच खुर्ची घेऊन आली. काका खुर्चीपाशी उभे. त्यांना इंग्रजी येतं, हिंदी येतं, दोन्हींतलं एक वाक्य त्यांना त्या वेळी जमलं नाही. शेवटी मराठीत म्हणाले, मेव्हण्याकडे न बघता, "त्यांना सांग. त्या बसल्याशिवाय मी बसणार नाय."

भावाने हातातला घास ताटात ठेवला. बायकोला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. बरंच सांगितलं. ती ऐकत राहिली, एकदा काकांकडे पाहिलं. मग पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि बसली.

"मग हे बसले," काकू म्हणाल्या. "नि जेवले गो. दोनदा भात घेतला. त्यानंतर कुठं तीन दिवसांची गोष्ट? ती सोडीचना. बंदर नाय बघितलं, जाळी नाय बघितली. रोज सकाळी हे तिच्याबरोबर मासळीबाजारात जायचे, पिशवी धरायला. ती मल्याळीत बोलायची, हे मराठीत. काय कळायचं दोघांना देव जाणे."

मी काही बोलणार एवढ्यात घरातून काकांचा आवाज आला. ते दाराच्या आत उभे राहून सगळं ऐकत होते, किती वेळ ते त्यांनाच माहीत.

"ही चुकीचं सांगते बाई," ते बाहेर येऊन म्हणाले. "खुर्ची नव्हती. स्टूल होतं."

"बरं, स्टूल," काकू म्हणाल्या.

काका आत वळले. उंबऱ्यात थांबले. आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले, "आणि ती आधी बसली. मी मग बसलो. तेवढं नीट लिहा."